जुळी आधी म्हातारी झाली

दिवस पहिला

यंत्र बसवायला आलेल्या माणसाने संडासात डोकं घालून अर्धा तास काढला आणि बाहेर येऊन हात धूत म्हणाला, "झालं. तीस दिवस रोज सकाळची पहिली लघवी यातच. दुसरीकडे जायचं नाही."

"आणि गावाला जावं लागलं तर?" कांचनने विचारलं.

"जायचं नाही."

ओट्यावर भेंडी चिरत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "व माय! म्हणजे आता मुताचीबी हजेरी लागते."

कांचन भारंबे, वय अठ्ठेचाळीस. सावद्याला केळी पिकवण्याच्या कोठारात सुपरवायझर. धाकटा भाऊ हितेंद्र, घरात हितू. त्याने वीस वर्षं केळीचे ट्रक दिल्लीला नेले. मेमध्ये पारा पन्नासला टेकतो अशा मुलखात वाटेत थांबावं लागू नये म्हणून तो पाणी पीत नसे. दोन्ही मूत्रपिंडांत खडे झाले, काढले, परत झाले, आणि गेल्या वर्षी दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले. आता आठवड्यातून तीनदा जळगावला डायलिसिस. सुया टोचायला हातात धड शीर उरली नव्हती. बायकोचं, मोनालीचं, रक्त जुळलं नाही. कांचनचं जुळलं. हे २०४३ साल होतं, आणि रक्त जुळून भागत नव्हतं. एका यंत्राने 'हो' म्हणावं लागत होतं.

यंत्राचं नाव निचरा. ते रोजच्या लघवीतलं कॅल्शियम, ऑक्झलेट आणि सायट्रेट मोजायचं, हार्मोनचे उरलेसुरले तुकडे मोजायचं, आणि त्यावरून जळगावच्या हॉस्पिटलातल्या संगणकात कांचनच्या मूत्रपिंडाची हुबेहूब प्रत उभी राहायची. प्रत मांसाची नव्हे, आकड्यांची. पण ती जगायची, आणि घाईने जगायची. कांचनचा एक दिवस म्हणजे तिचं एक वर्ष. महिन्याभरात ती तीस वर्षं पुढे जाऊन यायची आणि पुढे काय वाढून ठेवलंय ते सांगायची.

कांचनने तिला जुळी म्हणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दोघी एका वयाच्या होत्या. तसं पुन्हा कधी झालं नाही.

अर्ज

मधुमेह आहे का? — नाही.

घरात कुणाला मुतखडा? — वडील. भाऊ. आई (पन्नाशीनंतर).

हार्मोनची औषधं चालू आहेत का? — नाही.

दिवसाला पाणी किती पिता? — तीन लिटर.

दान करण्यासाठी तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? — नाही.

पाण्याचं उत्तर खोटं होतं. कोठारात बायकांचं संडास एकच आणि त्याची कडी बाहेरून बरी, आतून नाही. त्यामुळे कामावर असताना कांचन एक तांब्या पाण्यावर दिवस काढायची. बाकीची उत्तरं तिने खरी समजून लिहिली होती.

केळ्यांवरून

डॉक्टर नजमा तडवी मूळच्या यावलच्या. खुर्चीत मांडी घालून बसायच्या आणि समोरच्याच्या धंद्यातून बोलायला सुरुवात करायच्या.

"कोठारात केळी पिकवता कशी, कांचनताई?"

"इथिलीन सोडतो. गॅस."

"किती?"

"थोडासाच. दहा हजार वाट्या हवा असली तर एक वाटी."

"आणि तेवढ्यावर ट्रकभर माल पिवळा होतो. हार्मोन म्हणजे तेच. दिसत नाही, तोलात येत नाही, पण सगळ्या खोलीला हुकूम सोडतं." त्यांनी कागदावर एक घेवड्याचा दाणा काढला. ते मूत्रपिंड होतं. "खडा म्हणजे काय? लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झलेट एकमेकांना भेटतात आणि घट्ट बसतात. सायट्रेट मध्ये पडून कॅल्शियमला पकडून ठेवतं, भेटू देत नाही. बाईच्या अंगातलं ईस्ट्रोजेन हे सायट्रेट भरपूर ठेवतं, कॅल्शियम कमी वाहू देतं, ऑक्झलेटवरही नजर ठेवतं. पुरुषाचं हार्मोन उलट यकृताला ऑक्झलेट बनवायला डिवचतं. म्हणून तरुणपणी खडे पुरुषांना जास्त. पाळी गेली की बाईचा पहारा उठतो."

"आईला पन्नाशीनंतर झाला."

"बघा. हितेंद्रमध्ये जे उघडं पडलं, ते तुमच्यातही असू शकतं. झोपलेलं. ते कधी जागं होईल आणि तेव्हा तुमच्याकडे एकच मूत्रपिंड असेल तर काय, हेच जुळीला विचारायचंय."

"आणि हार्मोन बाहेरून दिलं तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तिथे गोंधळ आहे. हिशोबाने खडे कमी व्हायला हवेत. पण जुन्या एका मोठ्या अभ्यासात पाळी गेलेल्या बायकांना हार्मोनच्या गोळ्या दिल्या, तर खडे वाढले. का, ते अजून कुणी छातीठोक सांगत नाही. आता फक्त मूत्रपिंडावर काम करणारी एक पट्टी आलीय, दंडाला चिकटवायची. तिचा अनुभव तीन वर्षांचा. तीस वर्षांचा कुणाकडेच नाही."

कांचन घरी आली तेव्हा तिला सगळं कळलं होतं, आणि काय कळलं ते नवऱ्याला सांगता येत नव्हतं.

"म्हणजे देतेस की नाही?" नरेंद्रने विचारलं.

"जुळी सांगेल."

"जुळी कोण व?"

दिवस सहावा ते एकोणतिसावा

यंदा कानबाई भारंब्यांकडे होती, म्हणजे कांचनच्या घरी. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ आणि साज चढवून देवी बसते, आणि भाऊबंदकीतली सगळी घरं एकत्र जमून देवीच्या प्रसादाच्या रोटाचे गहू निवडतात, दळतात, रांधतात. पाळी आलेल्या बाईने त्या गव्हांकडे बघायचंही नाही. आणि ज्या घरी देवी, त्या घरची सूनच बाहेर बसली तर मग बोलायलाच नको.

कांचनची तारीख हल्ली इकडेतिकडे व्हायची. म्हणून तिने बेताने आधीच, सहाव्या दिवसापासून, गोळ्या सुरू केल्या. पाळी लांबवायच्या. सावद्याच्या मेडिकलवाल्याने "घरी कार्य आहे का?" एवढंच विचारलं आणि कात्रीने स्ट्रिप कापून कागदात बांधून दिली. त्याच्या बापानेही तशीच दिली असती. गूळ, कापूर, खोबरं, गोळी. यादीत ती खोबऱ्याच्या खाली होती.

रविवारी देवी बसली, सोमवारी उठली. मग चार दिवस रोट. मग नणंदेकडे पूजा, तिथे कांचनशिवाय पुरण कोण घालणार? गोळ्या चालू राहिल्या. रोज सकाळी ती निचऱ्यावर बसायची आणि जुळीला मनात म्हणायची, बाई, तू आता साठीची झालीस, तुला तरी जरा आराम मिळू दे.

दिवस तिसावा

*दात्याची मासिक हार्मोन-लय: आढळली नाही. रजोनिवृत्ती झालेली आहे असे गृहीत. सायट्रेट कमी, कॅल्शियम जास्त. एकच मूत्रपिंड उरल्यास दहा वर्षांत खडा होण्याची शक्यता: शंभरात एकतीस. मर्यादा: पंधरा. दाता अपात्र.*

जुळीला २०५० साली पहिला खडा झाला होता. २०५२ साली दुसरा. दुसऱ्याने वाट अडवली, आणि भार सांभाळायला शेजारी दुसरं मूत्रपिंड नव्हतं.

नरेंद्रने निकाल दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचताना त्याचे खांदे उतरले. त्याला वाईट वाटत होतं, आणि त्याचं ओझं उतरत होतं. दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावत नव्हतं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि कुणी बघितलं का ते बघितलं.

हितूचा फोन आला. "ताई, जाऊ दे. यंत्रापुढे कुणाचं चालतंय?"

"हो."

"तू म्हातारी झालीस म्हणे."

"तुझ्या तोंडात माती."

दोघंही हसले. फोन ठेवल्यावर कांचनला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. त्याऐवजी भूक लागली.

कोठार नंबर चार

तीन दिवसांनी व्यापाऱ्याचं वय-यंत्र कोठारात अडकलं. केळ्याच्या सालीवर धरलं की घड किती दिवसांचा ते सांगणारं यंत्र. मुकादम शेनफडूकाका दारात उभे राहून त्याला शिव्या घालत होते.

"हे म्हणतं माल कोवळा आहे. मी स्वतः निसवणीपासून, घड बाहेर पडल्यापासून मोजलाय, पंच्याहत्तर दिवसांचा. ह्याची माय पंच्याहत्तर दिवसांची!"

"पूड लावली होती का?" कांचनने सवयीने विचारलं. लांबच्या बाजारात जाणाऱ्या मालाला एक पूड दाखवतात. तिचा वास लागला की केळ्याला इथिलीनचा हुकूम ऐकूच येत नाही आणि ते हिरवंच राहतं.

"लावली ना. सोमवारी."

"मग यंत्राला कसं कळणार काका? त्याला कुणी सांगितलं पूड लावल्याचं? हुकूम दाबलाय. माल कोवळा नाही, माल..."

ती थांबली. शेनफडूकाका वाट बघत राहिले. कोठाराचा पंखा फिरत राहिला.

"माल काय?"

"काही नाही," कांचन म्हणाली आणि उलट्या क्रेटवर बसली.

पुडीने केळं कोवळं दिसतं. गोळीने बाई म्हातारी दिसते. अर्जात हार्मोनचं औषध विचारलं होतं आणि तिने 'नाही' लिहिलं होतं. कारण औषध डॉक्टर देतात, आजार असला की देतात. ही तर कानबाईची गोळी होती.

का घेतली

कानबाईसाठी घेतली. हे खरं होतं.

दर वर्षी घ्यायची म्हणून घेतली. हेही खरं होतं. बाविसाव्या वर्षापासून लग्नं, पूजा, बारशी, सगळ्यांपुढे तिने ही गोळी उभी केली होती.

पण डॉक्टर जेव्हा दहा हजार वाट्यांचं बोलत होत्या तेव्हा तिला सगळं समजलं होतं. रोज इथिलीन हाताळणाऱ्या बाईला हुकूम दाबला की काय होतं ते शिकवावं लागत नाही. मग मेडिकलच्या पायरीवर उभी असताना तिच्या डोक्यात ते आलंच नव्हतं? की आलं होतं आणि तिने त्याच्याकडे पाठ केली होती?

तिने पुष्कळ आठवून बघितलं. पायरी आठवली, कागदाची पुडी आठवली, मेडिकलवाल्याचा शर्ट आठवला. स्वतःचं मन आठवेना.

डॉक्टरांच्या खोलीत, दार लावून

"निचऱ्याला ती गोळी ओळखता आली नाही, कारण ती त्याच्या यादीतच नव्हती," डॉक्टर तडवी म्हणाल्या. "यादी करणारे इथले नसणार. माझ्याकडे या जिल्ह्यातल्या चारशे बायकांचे निकाल आहेत. त्यातले श्रावणातले किती, ते आता मला बघावं लागणार." त्या कपाळ चोळत बसल्या. "मीसुद्धा रोज्यांसाठी घेतलीय हो ती गोळी. मलाही विचारायचं सुचलं नाही."

"मग आता?"

"आता दोन रस्ते. गोळी बंद, पाळी येऊन जाऊ दे, परत तीस दिवस मोजायचं." त्यांनी आवाज उतरवला. "किंवा पहिला निकाल आहे तसा राहू दे. आज तुम्ही मला काही सांगितलंच नाही. ज्यांना द्यायचं नसतं त्यांना आम्ही नेहमीच असं झाकतो. घरच्यांना सांगतो, तब्येत परवानगी देत नाही. त्याने घरं तुटत नाहीत."

"मला द्यायचं नाही असं मी म्हटलं का?"

"नाही."

"द्यायचंय असं म्हटलं का?"

"तेही नाही, कांचनताई."

"मग मी काय म्हटलं?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "तुम्ही म्हणालात, मी गोळी घेतली होती. बस, तेवढंच."

डायलिसिस, खाट क्रमांक नऊ, सकाळी साडेदहा

"ताई, तू कशी इकडे? कोठार बंद आहे का?"

"हितू, मी गोळी घेतली होती."

"कसली?"

तिने सांगितलं. हितू ऐकत होता. त्याचं रक्त त्याच्या दंडातून निघून यंत्रात जात होतं आणि परत येत होतं.

"म्हणजे तू चालतेस."

"चालत असेन. परत बघावं लागेल."

"मुद्दाम घेतलीस?"

"मला माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही? माणसाला माहीत असतं."

"तुला माहीत होतं का, पाणी पीत नव्हतास तेव्हा, की तू काय करतोयस?"

हितू चिडायला हवा होता. तो हसला, आणि हसताना सुई हलली म्हणून कळवळला. "तुला एक सांगू? तो नाहीचा निकाल आला ना, त्या दिवशी मी पोटभर झोपलो. मोनाली रडत होती आणि मी घोरत होतो. जन्मभर तुझ्यापुढे मान खाली घालून बसावं लागणार नाही, म्हणून. सकाळी उठलो तर मरायची भीती वाटली. आता तू परत म्हणतेस चालते. मी आज रात्री झोपू की नको?"

"मला काय विचारतोस?"

"बरं, आणि निकालाच्या आधी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, ऐकलंस? तुझं मूत्रपिंड माझ्यात बसवलं तर ते पुरुषाच्या अंगात येणार. इथे त्याचा पहारेकरीच नाही. म्हणून मला जन्मभर ती पट्टी लावायची. बाईचं हार्मोन! आणि आधी महिनाभर लावून बघायची म्हणे, सोसते का." त्याने आवाज खाली आणला. "छाती आली तर?"

"ती फक्त मूत्रपिंडावर काम करते."

"पण आली तर?"

"मला चौतीस वर्षं झाली येऊन," कांचन म्हणाली. "मेले का मी?"

पलीकडच्या खाटेवरचे आजोबा खोकल्याचं निमित्त करून हसले.

"लाव पट्टी," ती म्हणाली. "मी परत तीस दिवस बसते."

पुन्हा दिवस पहिला

गोळी बंद केल्यावर पाळी आली. थोडीशी, दीड दिवसाची, आली न आली अशी. मग जुळीला पुन्हा शून्यातून उभं केलं. या वेळी कांचन पाणी पीत होती. कोठाराच्या संडासाला तिने स्वतः आतून कडी बसवून घेतली आणि शेनफडूकाकांना म्हणाली, "तीस वर्षं सुचलं नाही, बघा."

हितूने पट्टी लावली. ट्रकवाल्या मित्रांनी त्याचं नाव 'हितावहिनी' ठेवलं. तो फोनवर ते सांगायचा, तेव्हा त्याच्या आवाजात एक नवी ऊब असायची, आणि कांचनला ती ऐकवत नसे. मोनाली रोज पावणाऱ्या, न पावणाऱ्या सगळ्या देवांना हात जोडत होती. सासूबाई कांचनशी गोड बोलत होत्या. त्याचं तिला जास्त भय वाटे.

गणपती आले. मेडिकलवाल्याने रस्त्यातून हाक मारली, "ताई, यंदा नको का?"

"नको."

आठवा दिवस. पंधरावा. बाविसावा. ती पाळीची वाट बघत होती, सोळाव्या वर्षी परीक्षेच्या निकालाची बघावी तशी. रात्री झोपेतून उठून अंगावरची चादर फेकायची, कपाळ घामेजलेलं. पंखा वाढवायची. नरेंद्र कुडकुडत विचारायचा, "श्रावण संपला ना व?"

जुळीने काय बघितलं ते तिसाव्या दिवशी कळायचं होतं.

पुन्हा दिवस तिसावा

*दात्याची मासिक हार्मोन-लय: आढळली नाही. शंभरात तीस. दाता अपात्र.*

या वेळी सगळे एका खोलीत होते. डॉक्टर तडवी, मोनाली, नरेंद्र, चाकाच्या खुर्चीत हितू, बाहीखाली पट्टीचा कोपरा दिसत असलेला. डॉक्टरांनी निकाल वाचला, परत वाचला, आणि चष्म्यावरून कांचनकडे बघितलं.

"कांचनताई. गोळी घेतली होती का?"

"नाही."

"गणपती होते," मोनाली म्हणाली. हळूच. पण म्हणाली.

"नाही घेतली, मोनाली."

"मागल्या वेळीपण तुम्ही अर्जात नाहीच लिहिलं होतं."

नरेंद्र उठायला गेला. डॉक्टरांनी हाताने बसवलं. "थांबा. लघवीत दोन्ही सारखंच दिसतं. रक्तात दिसत नाही. पाळी खरंच जात असेल तर मेंदू अंडाशयाला ओरडून ओरडून हुकूम देत असतो, त्या हुकुमाचं हार्मोन चढलेलं सापडतं. गोळी असेल तर ते दबलेलं असतं. वीस मिनिटांत कळेल."

"तपासा," हितू म्हणाला. "पण मला सांगू नका."

सगळे त्याच्याकडे वळले.

"ताई नाही म्हणाली. मला पुरे आहे."

त्याच्या आवाजात पुरे नव्हतं. सगळ्यांना ते ऐकू आलं. कांचनलाही. तिने बाही वर सरकवली. "त्याच्यासमोरच सांगा. ओरडून सांगा."

त्या वीस मिनिटांत, दंडावर कापूस दाबून बसलेली असताना, कांचनला स्वतःचीच खात्री वाटेना. मेडिकलसमोरून ती रोज गेली होती. गेली होती आणि घेतली नव्हती. हो ना? घेतली नव्हती.

"चढलेलं आहे," डॉक्टर तडवी म्हणाल्या. "चांगलंच. हे खरं आहे. पाळी जातेय."

मोनालीने पदर तोंडाला लावला. "ताई, मला माफ..."

"राहू दे."

"म्हणजे श्रावणात मी गोळी घेतली नसती," कांचनने विचारलं, "तर तेव्हा यंत्र हो म्हणालं असतं?"

"कदाचित."

"की तेव्हापासूनच जात होती?"

"कदाचित. गोळीच्या खाली काय होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. जुळीलाही नाही." डॉक्टरांनी फाइल मिटली नाही. "एक आहे. नियमात एक फट आहे. अपात्र ठरलेल्या दात्याने सगळं समजून, स्वतःच्या हाताने अर्ज केला, तर समिती ऐकते. तुम्हीही पट्टी लावलीत तर तिसाचे पंधरा होतील. किंवा पस्तीस होतील. मी खोटं बोलणार नाही."

कुणी कांचनकडे बघितलं नाही. आणि म्हणूनच सगळे तिच्याकडेच बघत होते हे तिला कळलं.

मंगळवार

चार दिवस तिने तो अर्ज पर्समध्ये ठेवला. तो न लिहिताच सगळं आपोआप होणार होतं. यंत्र नाही म्हणालं होतं, रक्तानेही तेच सांगितलं होतं, आणि या वेळी सगळं खरं होतं. कुणी तिला बोल लावणार नव्हतं. तिला फक्त काही न करता बसायचं होतं.

मंगळवारी ती खाट क्रमांक नऊजवळ गेली आणि स्टूल ओढून बसली.

"हितू, मी अर्ज करणार नाही."

"अगं, यंत्रानेच नाही म्हटलंय ना. तू कशाला..."

"यंत्राचं सोड. मी नाही म्हणतेय. ऐक. फट आहे, मला लिहिता येतं, आणि मी लिहीत नाहीये. मला भीती वाटते. आईला खडा झाला तेव्हा ती जमिनीवर लोळत होती, तू दहावीला होतास, तुला मामाकडे पाठवलं होतं. मी होते तिथे. मला ते एका मूत्रपिंडावर नको. हे बरोबर आहे की नाही मला माहीत नाही. श्रावणातपण मी हेच केलं असेन, तेही माहीत नाही. पण आज माहीत आहे. आज मी नाही म्हणतेय."

हितूच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग तो लाल झाला. मोकळ्या हाताने त्याने बाही वर केली आणि दंडावरची पट्टी उचकटून काढली. बरोबर केसही निघाले. ती त्याने चुरगळून खाटेखाली टाकली.

"हे खोलीत बोलायला काय झालं होतं?" तो म्हणाला. "महिनाभर हितावहिनी, हितावहिनी... यंत्रावर सोडलं असतं तर मला तुझा राग तरी आला नसता!"

"म्हणून तर आले."

त्याने मान भिंतीकडे फिरवली. "जा तू."

कांचन बसून राहिली. पलीकडच्या आजोबांनी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं. सिस्टर येऊन आकडे बघून गेल्या. हितूचं रक्त निघत होतं, परत येत होतं.

"गेलीस का?" थोड्या वेळाने भिंतीकडूनच त्याने विचारलं.

"नाही."

"अजून अडीच तास आहेत."

"माहीत आहे."

ती स्टूलवरून उठली नाही.